अंगणात बोलताय की माजघरात?

फेसबुकवर नव्यानं आलेल्यांनी आपले प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात मी लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतली पाच इथं घेतली आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली चूक नवीन माणसाच्या हातून हमखास होते आणि तिच्यामुळं घराघरांत अबोला धरला जातो. पत्र पाठवणाऱ्यांची नावं कुठंही दिलेली नाहीत.

प्रश्न : बाई, माझं वय ६८, गाव येळ्ळूर. धाकटा मुलगा पुण्याहून गणपतीला आला तेव्हा माझ्या फोनमध्ये फेसबुक घालून देऊन गेला. लेक इचलकरंजीला दिली आहे. तिनं डोहाळजेवणाचा फोटो टाकला. मी त्याच्या खाली लिहिलं, ‘डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलंय ते सासूबाईंना सांगितलंस का? गोळ्या सोडू नकोस.’ मला वाटलं, तिलाच जातंय. संध्याकाळी तिच्या नणंदेचा फोन, मग चुलत सासूबाईंचा. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून फोन उघडायलाच भीती वाटते. फेसबुक काढूनच टाकू का?

उत्तर : अक्का, काढू नका. आधी दोन कामं करा.

ती कॉमेंट अजून तिथंच असेल तर पुसा. तुमच्या त्या शब्दांवर बोट दाबून धरा, एक यादी वर येईल, त्यात ‘डिलीट’ असेल. डिलीटच करा, एडिट नको. एडिट केलं की शब्द बदलतात, पण आधी काय लिहिलं होतं ते बघायची वाट तिथं उघडी राहते. हे झालं की लेकीला फोन लावा आणि ‘मला वाटलं, तुला एकटीलाच जातंय’ एवढं तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. आईनं चारचौघांत मुद्दाम काढलं असं पोरींना वाटतं, म्हणून त्या दुखावतात. इथं तसं काहीच नव्हतं. तुम्हाला तिच्या रक्ताची काळजी होती आणि ती काळजी चुकीच्या खोलीत बोलली गेली.

खोलीत असं मी मुद्दाम म्हणते. दर शनिवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या चार-पाच जणी फोन घेऊन माझ्या सोप्यात बसतात. मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळं हातात खडू नसला तरी कागद-पेन्सिल लागतेच. मी त्यांना कागदावर घर काढून देते. पुढं अंगण, ते गल्लीला लागून. मग सोपा. मग माजघर. माजघराच्या कोपऱ्यात कुलपाची ट्रंक. येळ्ळूरला तुमचंही जुनं घर असंच असणार.

तुम्ही स्वतः काही लिहायला किंवा फोटो टाकायला घेता, तेव्हा तुमच्या नावाखाली एक बारकं चित्र दिसतं. मोहरीएवढं असतं ते, चष्मा लावूनच बघा. पृथ्वीचा गोळा दिसला तर तुम्ही अंगणात उभ्या आहात. गल्लीतून जाणारा येणारा कुणीही ऐकतोय, ओळखीचा असो वा नसो. दोन माणसांची डोकी दिसली तर तुम्ही सोप्यात आहात, म्हणजे तुम्ही ज्यांना ‘फ्रेंड’ म्हणून आत घेतलंय तेवढेच ऐकताहेत. कुलूप दिसलं तर ती तुमची ट्रंक, तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही. त्या चित्रावर बोट ठेवलं की जागा बदलता येते. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. तुम्ही मागच्या वेळी जी जागा निवडली, तीच पुढच्या वेळी आपोआप धरली जाऊ शकते. एकदा गोळा ठेवून पोस्ट केलंत की पुढचंही गोळ्यावरच जाऊ शकतं, तुम्ही बदलेपर्यंत.

मग कॉमेंट म्हणजे काय? लेकीच्या फोटोखाली लिहिणं म्हणजे लेकीच्या सोप्यात जाऊन बोलणं. तिथं तिनं कुणाकुणाला बसवलंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि तुमच्या बोलण्याला वेगळं कुलूप नसतं. तो फोटो ज्यांना दिसतो त्या सगळ्यांना तुमचं वाक्य दिसतं. तिच्या सासरची सगळी माणसं तिथंच बसलेली होती. व्हॉट्सॲपवर तुम्ही लेकीच्या नावावर बोट ठेवून लिहिता ते तिलाच जातं. इथंही वर तिचं नाव, तिचा चेहरा होता, म्हणून तुम्हाला तसंच वाटलं.

माजघर इथंही आहे. त्याला मेसेज म्हणतात, आणि त्यासाठी बहुधा ‘मेसेंजर’ नावाचं दुसरं ॲप लागतं. रक्त, गोळ्या, पैसे, जमिनीचा वाद, सुनेचं काही, हे सगळं माजघरातलं. खरं सांगायचं तर तुम्ही हे व्हॉट्सॲपवरच बोला. हाताला सवय असलेली जागा नव्या माणसाला बरी.

तुमच्या पत्रात तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. इथं नणंद, जाऊ, व्याही, शाळेतली मैत्रीण, सगळेच ‘फ्रेंड’. हे असं का, तर फेसबुक २००४ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं. बाकीच्या जगाला ते २००६ मध्ये खुलं केलं. वसतिगृहातल्या पोरांना ‘मित्र’ हा एकच शब्द पुरत होता. आपल्याकडं व्याह्यांसमोर बोलायची भाषा वेगळी, मैत्रिणीपुढं बोलायची वेगळी. ते तिथं कुणी वेगळं करून देत नाही, आपणच ध्यानात ठेवावं लागतं. म्हणून मी शनिवारी प्रत्येकीला बटण दाबायच्या आधी मोठ्यानं बोलायला लावते, ‘चित्र कसलं?’ ती म्हणते, ‘डोकी.’ मग मी विचारते, ‘डोक्यात कोण कोण?’ तिनं चार नावं घ्यायची, त्यांत एक सासरचं, एक माहेरचं. मगच दाबायचं.

मध्यंतरी समोरच्या वहिनींनी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेल्यावर तिथूनच फोटो टाकला. सगळं कुटुंब, नातवंडांसकट, नऊ माणसं. खाली लिहिलं, ‘आम्ही सगळी आईच्या दर्शनाला, उद्या परत.’ मी घरी बसून ते बघितलं आणि आधी चित्र शोधलं. गोळा होता. घराला कुलूप आहे आणि उद्यापर्यंत कुणी नाही, हे अंगणात उभं राहून सांगितल्यासारखं झालं. मी लगेच फोन केला आणि फोनवरूनच त्यांच्याकडून बदलून घेतलं. पोस्टच्या उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात. त्यांवर दाबलं की जुन्या पोस्टचीही जागा बदलता येते. वहिनींचं बोट थरथरत होतं, मागं उदो उदो ऐकू येत होतं, पण त्यांनी ते केलं. आता त्या फोटो काढतात तिथं आणि टाकतात घरी आल्यावर.

तुमच्या मुलानं घालून दिलंय, तर पहिल्या दिवसापासून काय काय गोळ्यावर गेलंय कोण जाणे. तो पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्या. एक ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’. त्यानं मागचं सगळं अंगणातलं एकदम सोप्यात येतं. दुसरं ‘लॉक प्रोफाईल’. ही सोय भारतात २०२० पासून आहे. तुमच्याच नावाच्या पानावरच्या तीन टिंबांत ती सापडते. कुलूप लावलं की अनोळखी माणसाला तुमचे फोटो उघडून बघता येत नाहीत. आमच्या शनिवारच्या सगळ्या जणींचं मी पहिल्याच दिवशी हे लावून टाकते, विचारत बसत नाही.

आणि पहिले आठ-दहा दिवस काही लिहूच नका. नुसतं बघा. लग्न होऊन नव्या घरी आलेली पोरगी आधी बघते, इथं पाणी कुठून भरतात, मोठ्यांपुढं कोण बोलतं, कोण गप्प बसतं. तसंच. येळ्ळूरचा राजहंसगड पावसाळ्यात कसा दिसतो याचे फोटो लोक टाकतात, भातलावणीचे टाकतात, शिवजयंतीच्या चित्ररथांचे टाकतात. बघून घ्या, वाचा, कोण कसं लिहितंय ते समजून घ्या. मग एक दिवस स्वतःच्या परड्यातल्या एखाद्या फुलाचा फोटो कुलूप लावून टाका. तो तुम्हालाच दिसेल. चुकलं तरी कुणाला कळणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं कुलूप काढून डोक्यांचं चित्र लावा. लेक पहिली येईल बघायला.

प्रश्न : मी निपाणीची. चाळीस वर्षं विड्या वळल्या, आता सोडलं. मुलीनं जुना फोन दिला. फेसबुक मात्र एका मोबाईल दुकानात काढून घेतलं, दोनशे रुपये घेतले त्यानं. आता फोन बंद पडून चालू झाला की पासवर्ड मागतो. दुकानदार म्हणतो, पुन्हा शंभर द्या. आणि माझं बोट लावलं तर फोन ऐकतच नाही, मुलीचं लगेच ऐकतो. माझंच काही चुकतं का?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. बोटाचं आधी सांगते. फोनची काच बोटातून जाणारी अगदी बारीक वीज ओळखते. पानं कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून ज्यांची बोटांची टोकं चाळीस वर्षं घासली गेली, त्यांची कातडी कोरडी आणि जाड होते. काचेला ते बोट नीट लागत नाही. ओल्या फडक्याला बोट टेकवा, पुसा, आणि मग लावा. नखाचं टोक नको, बोटाचा मऊ भाग पालथा ठेवा. करंगळी घट्टे पडण्यातून वाचलेली असते, तिनं करून बघा. ठसा लावून फोन उघडणं तुम्हाला कदाचित जमणार नाही, रेषाच झिजलेल्या असू शकतात. त्यापेक्षा चार आकडे ठेवा.

आता पासवर्ड. दुकानात घाईत खातं काढून देतात तेव्हा कधी कधी दुकानाचाच मोबाईल नंबर किंवा ईमेल घातलेला असतो. म्हणजे घर तुमचं आणि किल्ली त्याच्या खिशात. आमच्याकडच्या एका दुकानात माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. सहा महिने तिला कळलंच नाही. ती शांतपणे दुकानात गेली आणि म्हणाली, ‘उघडून द्या, पैसे देते, पण मी इथंच उभी राहणार.’ तुम्हीही मुलीला बरोबर घेऊन जा. उघडल्यावर तिथंच, त्याच्यासमोरच, मुलीला हे करायला सांगा. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स सेंटर’ असतं. त्यात ‘पर्सनल डिटेल्स’मध्ये तुमचा नंबर घालायचा. फोनवर आकडे येतील, ते टाकायचे, आणि मग दुकानाचा नंबर काढून टाकायचा. नंतर ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’त जाऊन पासवर्ड बदलायचा. त्याच ठिकाणी तुमचं खातं कुठल्या कुठल्या फोनवर उघडं आहे ते दिसतं. तुमचा सोडून बाकी सगळे बाहेर काढायचे. क्रम चुकवू नका. आधी आपला नंबर, मग पासवर्ड.

नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. लिहू नये असं पोरं सांगतात. पण ज्या घरात फोन एक आणि वही कपाटात, तिथं विसरण्याचं भय चोरीपेक्षा मोठं. फक्त त्या पानावर ‘फेसबुक’ असं लिहू नका.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला निवृत्त कारकून, वय ७१. दोन अडचणी. फोनवरचं फेसबुक कन्नडमध्ये आहे, मला बोलता येतं पण भरभर वाचता येत नाही. आणि मराठीत लिहायला गेलं की ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘दुसर्या’ असा उमटतो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला मन होत नाही.

उत्तर : मन होत नाही हे वाचून फार बरं वाटलं. सीमाभागात आपण पाट्यांवर, पावत्यांवर, बँकेच्या निरोपांत कन्नड वाचतोच, ती शेजारची भाषा आहे, शिकावीही. पण घरच्यांशी चार शब्द बोलायला आपली लिपी हवी.

भाषा बदलताना वाचता येत नसलं तरी चित्रांवरून जाता येतं. आधी तीन आडव्या रेघा शोधा. त्या बहुधा वरच्या किंवा खालच्या उजव्या कोपऱ्यात असतात. त्यांवर दाबा, मग दातेरी चाक शोधा, ते सेटिंग्जचं. आतल्या यादीत भाषेची ओळ असते. तिथपर्यंत पोचण्यापुरतं एखाद्या शाळकरी नातवाला शेजारी बसवा, तो कन्नड वाचेल. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, त्यामुळं ‘मराठी’ तुम्हाला लगेच दिसेल. मात्र तिथली मराठी थोडी अवघड वाटेल, चार दिवस सोसा.

आता ‘ऱ्या’. शाळेत मी यावर एक पूर्ण तास घालवत असे. ‘सूर्य’मध्ये ‘र’ चढतो य च्या डोक्यावर, रफार होऊन. ‘दुसऱ्या’मध्ये तो चढत नाही, य च्या पुढं आडवा बसतो. फोनला हे दोन ‘र’ वेगळे सांगावे लागतात. साधा ‘र’, मग पाय मोडायचं चिन्ह, मग ‘य’ असं दाबलं तर रफारच येणार, म्हणजे ‘सूर्य’सारखा. ‘दुसऱ्या’साठी कीबोर्डात खाली टिंब असलेला ‘ऱ’ शोधा. तो, मग पाय मोडायचं चिन्ह, मग ‘य’. टिंब आपोआप नाहीसं होतं आणि आडवा ‘र’ येतो. ‘चऱ्हाट’, ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाडी’ हेही असंच. ‘क्ष’ हवा तर क, पाय, ष. ‘ज्ञ’ हवा तर ज, पाय, ञ.

हे सगळं नको वाटलं तर कीबोर्डावरच्या माईकच्या चित्रावर दाबा आणि बोला. कीबोर्डात मराठी निवडलेली असली की तो बोललेलं लिहून घेतो आणि ‘दुसऱ्या’ही बहुतेक वेळा बरोबर लिहितो. आपल्याकडचं बोलणं त्याला सगळंच समजत नाही. तुम्ही ‘तिकडं’ म्हणाल आणि तो ‘तिकडे’ लिहील. मला ते आवडत नाही. मी परत जाऊन अनुस्वार घालते.

प्रश्न : माझं माहेर कागलजवळ, सासर चिकोडी तालुक्यात. फेसबुकवर ‘लाडकी बहीण’चा फॉर्म आला आहे, आधार नंबर आणि ९९ रुपये मागतोय. माहेरच्या वहिनीला महिन्याला १५०० मिळतात. मी भरू का?

उत्तर : भरू नका. ती योजना महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांसाठी काढली. तुम्ही कर्नाटकात राहता, तुमचं रेशनकार्ड इथलं. माहेर तिकडं असल्यानं ती तुम्हाला लागू होत नाही. तुमच्यासाठी इथली गृहलक्ष्मी आहे, घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २००० रुपये, २०२३ पासून. तिचंही काम फेसबुकवरच्या लिंकवरून करायचं नाही, सरकारी केंद्रात जाऊन विचारायचं. सीमेवरच्या बायकांना दोन्ही राज्यांच्या बातम्या येतात, म्हणून आपल्याला फसवायला दोन वाटा मिळतात.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर भारतभर चालतो. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. तसंच ओळखीच्या माणसाच्या नावानं, त्याचाच फोटो लावून दुसरी रिक्वेस्ट आली आणि ‘अडचणीत आहे, फोनपे कर’ असा मेसेज आला, तर त्या माणसाला साधा फोन लावा, त्याचा आवाज ऐका. फोटो कुणीही उचलून लावू शकतो.

प्रश्न : आमच्या भावकीतले एक काका वारले. कुणीतरी फेसबुकवर टाकलं. मी बातमी वाचली म्हणून अंगठा दाबला. पुतण्या म्हणाला, ‘आत्या, हे काय केलंस?’ मग काय दाबायचं होतं? – वडगाव, बेळगाव

उत्तर : तुम्ही ‘वाचलं’ अशा अर्थानं दाबलात, पण अंगठा ‘आवडलं’ म्हणूनही वाचला जातो. पुतण्याला तसं दिसलं. त्या अंगठ्यावर बोट टेकवून उचलू नका, धरून ठेवा. सात चित्रं वर येतील. अंगठा, हृदय, हृदय कवटाळलेला चेहरा, मग हसरा, मग आश्चर्याचा, मग रडका, मग रागीट. सहावा रडका, तो हवा. चौथा हसरा आहे, बोट तिथं घसरू देऊ नका. घसरलंच तर घाबरू नका. त्याच जागी पुन्हा बोट धरून सहाव्यावर नेलं की बदलतं. मी स्वतः अशा ठिकाणी चित्र दाबत नाही. खाली नाव घेऊन दोन ओळी लिहिते, काका कसे होते त्यातलं एखादं आठवेल ते. त्यांच्या घरचे रात्री झोप येत नाही तेव्हा सगळं परत वाचतात, हे मी माझ्या यजमानांच्या वेळी बघितलंय. तुम्ही तो अंगठा आज बदला आणि खाली काकांविषयी एक ओळ लिहा.